पीएसडीवरून मूळ सिग्नल परत मिळवता येतो का?

सांधेजोड

नमस्कार. चाकण परिसरातल्या एका वाहन-सुटेभाग कारखान्याच्या चाचणी विभागात मी काम करतो. गेले तीन आठवडे एका प्रश्नाने मला अडवून धरले आहे. त्याचे मूळ यंत्रात नसून गणितात आहे असे वाटू लागल्याने तो येथे मांडतो.

ट्रकच्या चॅसीवर हवेचा पाइप धरून ठेवणारा पत्र्याचा एक छोटा ब्रॅकेट आम्ही बनवतो. ग्राहकाच्या गाड्यांवर तो वेल्डच्या कडेला तडकतो आहे. ग्राहकाने एका बाहेरच्या संस्थेकडून रस्त्यावर २० मिनिटे कंपने मोजून घेतली आणि त्यांचा पीएसडी (पॉवर स्पेक्ट्रल डेन्सिटी, म्हणजे कोणत्या वारंवारतेला कंपनांची ताकद किती हे दाखवणारा) आलेख आम्हाला पाठवला. बारीक चढउतार सोडून सांगायचे तर १० ते ४१० हर्ट्झ या पट्ट्यात पातळी ०.०१ जी वर्ग प्रति हर्ट्झ आहे (जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण). म्हणजे आलेखाखालचे क्षेत्रफळ ४ जी वर्ग आणि आरएमएस, म्हणजे त्याचे वर्गमूळ, २ जी. हा आलेख शेकरच्या (भाग बसवून हलवणाऱ्या चाचणी-टेबलाच्या) कंट्रोलरमध्ये भरून आम्ही ब्रॅकेट ४० तास हलवला. केसाएवढाही तडा दिसला नाही.

मूळ नोंद मागितली, तेव्हा अहवाल दिल्यानंतर ती पुसून टाकल्याचे कळले. म्हणून पीएसडीवरूनच मूळ सिग्नल परत काढावा असे मी ठरवले. आलेख दर १ हर्ट्झला एक अशा ४०० रेषांचा आहे. प्रत्येक रेषेवरून आयाम, म्हणजे लहरीची उंची, काढला आणि इन्व्हर्स एफएफटी (वारंवारतांवरून वेळेतला सिग्नल जुळवणारे गणित) घेतला. हाती आलेला सिग्नल एका सेकंदाचा आहे. त्याच्या सुरुवातीला एकच प्रचंड उंच सुळका आहे आणि पुढे जवळजवळ काहीच नाही. रस्त्यावरची कंपने अशी नसतात हे मला कळते, परंतु या सिग्नलचा पीएसडी पुन्हा काढून पाहिला तर तो ग्राहकाच्या आलेखाशी तंतोतंत जुळतो. माझी चूक नेमकी कोठे झाली?

अनाहत

सांधेजोड, आपल्या आकडेमोडीत चूक नाही. आपण सर्व रेषांची फेज, म्हणजे पाठ्यपुस्तकात जिला कला म्हणतात ती, लहरीचा माथा कोणत्या क्षणी येतो ते सांगणारी, नकळत शून्य धरलीत. पीएसडीमध्ये प्रत्येक वारंवारतेच्या आयामाचा वर्ग असतो. फेज त्यात नसतेच. ०.०१ जी वर्ग प्रति हर्ट्झ आणि १ हर्ट्झ रुंदी यांवरून प्रत्येक कोसाइन लहरीचा आयाम ०.०२ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.१४१ जी येतो. सर्वांची फेज शून्य असेल तर शून्य क्षणी ४०० लहरींचे माथे एकाच जागी येतात आणि ४०० गुणिले ०.१४१ म्हणजे सुमारे ५६ जी उंचीचा सुळका उभा राहतो. त्याच लहरींना यादृच्छिक फेज दिली, तर त्या सेकंदातले सर्वांत मोठे शिखर साधारण ६ ते ८ जी भरेल. फेज काळजीपूर्वक निवडण्याची एक रीत श्रोडर यांनी १९७० साली दिली. ती वापरली तर शिखर जेमतेम साडेतीन जीच्या आसपास राहते. तिन्ही सिग्नलांचा आरएमएस २ जी आहे आणि तिन्हींचा पीएसडी एकच आहे.

म्हणजे आपल्याला मिळालेला सिग्नल चुकीचा नाही. तो त्या पीएसडीच्या असंख्य उत्तरांपैकी एक आहे.

माहितीची हानी किती झाली हे मोजता येते. वास्तव संख्यांचा १०२४ नमुन्यांचा (ठरावीक अंतराने मोजलेल्या मूल्यांचा) सिग्नल घेतला, तर त्याच्या वर्णपटात (स्पेक्ट्रममध्ये) शून्य वारंवारतेपासून वरच्या टोकापर्यंत ५१३ आयाम आणि मधल्या वारंवारतांच्या ५११ फेज असतात. ५१३ अधिक ५११ म्हणजे बरोबर १०२४. पीएसडी काढताना आपण ५१३ आकडे ठेवतो आणि ५११ टाकून देतो. सिग्नलची जवळजवळ निम्मी माहिती तेथेच संपते, आणि घटना कोणत्या क्षणी घडली हे याच निम्म्या भागात असते.

आपल्या अहवालात तर दुहेरी हानी आहे. वेल्च यांच्या १९६७ सालच्या पद्धतीप्रमाणे नोंदीचे तुकडे करतात, प्रत्येकाचा आयाम-वर्ग घेतात आणि मग सर्वांची सरासरी काढतात. एका तुकड्यातला दणका आणि शेजारच्या तुकड्यातली शांतता त्या सरासरीत एकमेकांत मिसळून जातात.

नवशिकी

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. आम्हाला वीनर-खिंचिन प्रमेयात असे शिकवले की पीएसडी हे ऑटोकोरिलेशनचे (सिग्नल स्वतःवरच सरकवून काढलेल्या गुणाकारांच्या बेरजांचे) फूरिये रूपांतर आहे, आणि हे रूपांतर उलट करता येते. मग पीएसडीवरून ऑटोकोरिलेशन मिळवून पुढे सिग्नलपर्यंत का जाता येत नाही? शिवाय सिग्नल लहान आणि मर्यादित लांबीचा आहे हे आधीच ठाऊक असेल, तर असंख्य उत्तरे उरणार नाहीत ना?

अनाहत

नवशिकी, तुमच्या दोन्ही प्रश्नांना एकच उदाहरण पुरेल. ते वहीवर करून पाहा.

६, ५, १ हा तीन नमुन्यांचा सिग्नल घ्या. न सरकवता गुणाकारांची बेरीज ३६ अधिक २५ अधिक १, म्हणजे ६२. एक घर सरकवून ३० अधिक ५, म्हणजे ३५. दोन घरे सरकवून ६. आता ३, ७, २ हा सिग्नल घ्या. ९ अधिक ४९ अधिक ४ म्हणजे ६२, २१ अधिक १४ म्हणजे ३५, आणि शेवटी ६. दोघांचे ऑटोकोरिलेशन एकच, म्हणून पीएसडीही एकच. तरीही पहिला सिग्नल जोरात सुरू होऊन विझत जातो आणि दुसरा मध्यभागी फुगतो. ऑटोकोरिलेशनपर्यंत उलटे जाणे सोपे आहे. त्याच्यापलीकडची पायरी ही अडचण आहे.

असे का घडते ते नमुने सहगुणक मानून केलेल्या झेडच्या बहुपदीतून दिसते. पहिला सिग्नल म्हणजे दोन अधिक झेड आणि तीन अधिक झेड यांचा गुणाकार. दुसऱ्यात पहिल्या अवयवाचे सहगुणक उलटे केले आहेत: एक अधिक दोन झेड, गुणिले तीन अधिक झेड. अवयव असा उलटा केल्याने त्याचे मूळ एकक (त्रिज्या १ असलेल्या) वर्तुळाच्या बाहेरून आत येते, परंतु वर्तुळावर, म्हणजे प्रत्यक्ष वारंवारतांवर, आयाम बदलत नाही. वर्तुळावरून पाहणाऱ्याला मूळ आत आहे की बाहेर हे ओळखता येत नाही.

त्यामुळे तुमचा अंदाज अर्धा बरोबर आहे. लांबी मर्यादित आहे हे कळले की उत्तरे असंख्य राहत नाहीत. परंतु एकच उत्तर उरते असेही नाही. लांबी एन असेल तर उलटसुलट करता येण्याजोगे अवयव एन वजा १. सरकवलेला, चिन्ह बदललेला आणि उलट्या क्रमाने वाचलेला सिग्नल वेगळा मोजला नाही, तरी २ चा एन वजा २ वा घात इतकी वेगळी उत्तरे संभवतात. तीन नमुन्यांना दोन, जी वर दिली आहेत. वास्तव सिग्नलात संमिश्र मुळे जोडीनेच उलटवावी लागतात, म्हणून प्रत्यक्षात संख्या कमी होते. तरी शंभर नमुन्यांसाठीसुद्धा ती कोणत्याही उपयोगापलीकडे मोठी राहते.

नवशिकी

धन्यवाद. परंतु आयामाचा लॉगरिदम घेऊन हिल्बर्ट रूपांतराने फेज काढण्याची रीत आमच्या प्रयोगपुस्तिकेत आहे. ती मग कशी चालते?

अनाहत

त्या अनेक उत्तरांतले एक विशिष्ट उत्तर ती रीत निवडते: ज्याची सर्व मुळे वर्तुळाच्या एकाच, योग्य बाजूला आहेत ते. त्याला मिनिमम फेज म्हणतात. वरच्या उदाहरणात ते ६, ५, १ आहे. चारही क्रम पाहिले, म्हणजे ६, ५, १ आणि ३, ७, २ आणि त्यांचे उलटे क्रम, तर पहिल्याच नमुन्यात अनुक्रमे ३६, ९, १ आणि ४ इतकी ऊर्जा येते. ऊर्जा सर्वांत लवकर बाहेर टाकणारा सिग्नल तो मिनिमम फेज. फिल्टरची रचना करताना, किंवा एखाद्या भौतिक प्रणालीबद्दल असे मानण्याला आधार असताना, ही रीत उत्तम आहे. भूकंपीय तेलशोधात जमिनीत सोडलेल्या स्पंदाबद्दल हे गृहीतक वर्षानुवर्षे वापरले गेले आहे. ट्रकला बसणारे खड्डे कोणत्या क्रमाने यावेत याबद्दल मात्र असे काहीही मानण्याला आधार नाही. रस्ता मिनिमम फेज नसतो.

मृगशीर्ष

अनाहत यांच्या प्रतिसादांना एक जोड देतो. फेज गेली की सर्व संपले असा अर्थ कोणी घेऊ नये, कारण एका संपूर्ण शास्त्राने या प्रश्नाशी झुंज देऊन तो सोडवला आहे.

स्फटिकावर क्ष-किरण टाकले की फिल्मवर किंवा डिटेक्टरवर फक्त तीव्रता उमटते, म्हणजे आयामाचा वर्ग. इलेक्ट्रॉनांची मांडणी हा येथे सिग्नल आणि तीव्रतेचे ठिपके हा त्याचा पीएसडी. वीनर-खिंचिन प्रमेयातल्या खिंचिन यांचा शोधनिबंध १९३४ चा. त्याच वर्षी पॅटरसन यांनी स्फटिकांसाठी ऑटोकोरिलेशनचाच नकाशा मांडला, ज्यात अणूंच्या जागा नसून अणूंमधली अंतरे दिसतात. पुढे १९४४ मध्ये त्यांनीच दाखवले की वेगवेगळ्या मांडण्यांचे हे नकाशे हुबेहूब एकसारखे असू शकतात. ६, ५, १ आणि ३, ७, २ यांची गोष्ट तीच आहे.

फेजचे वजन किती, याचा सर्वांत बोलका पुरावा मला मद्रासमध्ये झालेल्या कामात दिसतो. जी. एन. रामचंद्रन आणि आर. श्रीनिवासन यांनी १९६१ मध्ये ‘नेचर’मध्ये एक विरोधाभास मांडला: एका रचनेचे आयाम आणि दुसऱ्या रचनेच्या फेज एकत्र करून नकाशा काढला, तर तो आयाम जिचे आहेत तिच्यासारखा न दिसता फेज जिच्या आहेत तिच्यासारखा दिसतो. वीस वर्षांनी, १९८१ मध्ये, ओपनहाइम आणि लिम यांनी छायाचित्रांच्या बाबतीत हेच दाखवले आणि सिग्नलवाल्यांना ते त्यांच्यामुळे ठाऊक झाले. मद्रासचे काम आधीचे आहे, हे आपल्याकडच्या वर्गांत सांगितले गेले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

तरीही रचना सुटल्या, आणि त्या प्रत्येक वेळी बाहेरून आणलेल्या जास्तीच्या माहितीमुळे सुटल्या. पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनला पाऱ्याचे जड अणू जोडले आणि तीव्रतेत पडलेल्या फरकावरून फेज काढल्या. हाउप्टमन आणि कार्ल यांनी ‘इलेक्ट्रॉनांची घनता कोठेही ऋण असत नाही आणि रचना सुट्या अणूंची असते’ एवढ्याच ज्ञानावरून फेजमधले संबंध बांधले. त्याला १९८५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

चित्रांच्या बाबतीत गणितही थोडे उदार आहे. एका चलातल्या बहुपदीचे नेहमी एकेरी अवयव पडतात, म्हणून वर दाखवलेली उलटापालट शक्य होते. दोन चलांतल्या बहुपदीचे सर्वसाधारणपणे अवयवच पडत नाहीत. त्यामुळे वस्तू ठरावीक चौकटीतच आहे हे ठाऊक असेल आणि मोजमाप पुरेसे दाट असेल, तर सरकवणे, उलटवणे आणि चिन्ह बदलणे सोडता द्विमितीय चित्र बहुतेक वेळा एकच निघते. ब्रुक आणि सोडिन यांनी १९७९ मध्ये ही गोष्ट मांडली, हेज यांनी १९८२ मध्ये ती पक्की केली, आणि फिनअप यांच्या पुनरावर्ती रीतींनी ती हिशेबात उतरवली. दुर्दैवाने सांधेजोड यांचा सिग्नल एकमितीय आहे.

सांधेजोड

सर्वांचे आभार. ६, ५, १ मी स्वतः कागदावर करून पाहिले आणि गेल्या तीन आठवड्यांचे कोडे पाच मिनिटांत सुटले. मूळ सिग्नल मिळणार नाही हे आता मान्य आहे. पण मग शेकरचा कंट्रोलर काय करतो? त्यालाही मी पीएसडीच दिला होता.

अनाहत

कंट्रोलर मूळ सिग्नल शोधत नाही. तो त्याच पीएसडीचा एक नवा सिग्नल यादृच्छिक फेज देऊन घडवतो. अनेक लहरींची यादृच्छिक फेजने बेरीज केली की मध्यवर्ती सीमा प्रमेयामुळे तो गाउसीय होतो, म्हणजे त्याच्या मूल्यांची वाटणी घंटाकार होते. रस्ता तसा होता की नव्हता, हे पीएसडी सांगत नाही.

तुम्ही स्वतः असा सिग्नल घडवणार असाल तर एक खबरदारी घ्या. १ हर्ट्झ अंतराच्या रेषांवरून केलेला सिग्नल दर सेकंदाला जसाच्या तसा परत येतो. फेज कितीही यादृच्छिक दिल्या, तरी तो एकच सेकंद हजारो वेळा वाजतो. म्हणून दर सेकंदाला नव्या फेज घेऊन तुकडे करा आणि ते खिडकी लावून, म्हणजे कडा हळूहळू शून्यावर उतरवून, एकमेकांवर चढवत जोडा, किंवा आलेखाच्या मधल्या जागा भरून रेषा दाट करा.

अहवालात पीएसडीखेरीज दुसरा एखादा आकडा आहे का? कमाल त्वरण, कर्टोसिस (टोकाची मूल्ये किती वारंवार येतात याचे माप), काहीही चालेल.

सांधेजोड

आहे. सारांशाच्या तक्त्यात ‘कमाल त्वरण १८ जी’ असे एका ओळीत लिहिले आहे. आमच्या कंट्रोलरमध्ये शिखरमर्यादा ३ सिग्मा, म्हणजे आरएमएसच्या तिप्पट, ठेवलेली होती.

अनाहत

मग तुमचे उत्तर त्या एका ओळीत आहे.

२ जी आरएमएसवर १८ जी म्हणजे ९ सिग्मा. एस. ओ. राइस यांनी १९४४-४५ मध्ये गाउसीय गोंगाटासाठी एक सूत्र दिले: एखादी पातळी सेकंदाला किती वेळा ओलांडली जाते ते वर्णपटावरून काढता येते. १० ते ४१० हर्ट्झच्या सपाट पट्ट्यासाठी शून्य रेषा वरच्या दिशेने ओलांडण्याचा दर सुमारे २४० प्रति सेकंद येतो. ९ सिग्मासाठी त्याला ई च्या उणे ४०.५ घाताने, म्हणजे सुमारे २.६ भागिले १० चा १८ वा घात एवढ्याने गुणायचे, आणि धन व ऋण अशा दोन्ही बाजू धरायच्या. हिशेब करून पाहा: गाउसीय सिग्नलात १८ जीचे शिखर साधारण अडीच कोटी वर्षांतून एकदा यावे. तुमच्या रस्त्यावर ते २० मिनिटांत आले.

म्हणजे रस्त्याचा सिग्नल गाउसीय नव्हता आणि यादृच्छिक फेजचे गृहीतक येथे मोडते. त्यात शेकरने ६ जीच्या वरचे सगळे छाटले. ब्रॅकेटला रस्त्यावर जे सोसावे लागले त्याच्या एक तृतीयांशाहून मोठे शिखर त्याने ४० तासांत पाहिलेच नाही.

घाटरस्ता

मी बरीच वर्षे गाड्यांच्या टिकाऊपणाच्या चाचण्या करतो आहे. अनाहत यांचा हिशेब योग्य आहे. पण सांधेजोड, यावरून थेट ‘कर्टोसिस वाढवा’ या निष्कर्षाला जाऊ नका. नव्या कंट्रोलरमध्ये तशी सोय असते आणि घाईत ती चालू करून लोक समाधान मानतात.

तुमच्या ब्रॅकेटची नैसर्गिक वारंवारता किती आहे आणि त्याचे डॅम्पिंग (कंपन विझवण्याची क्षमता) किती आहे? कमी डॅम्पिंगचा भाग अरुंद फिल्टरसारखा वागतो. टेबलावर क्षणभराचे टोकदार सुळके सर्वत्र विखरून टाकले, तर ब्रॅकेट एकाचा झंकार संपण्याआधी पुढच्याला सामोरा जातो, सगळे झंकार मिसळतात आणि त्याच्या वेल्डवरचा ताण पुन्हा जवळजवळ गाउसीय होतो. टेबलाचा कर्टोसिस वाढलेला दिसतो, वेल्डला त्याचा पत्ताही लागत नाही. ताण वाढायचा असेल तर दणके झंकाराच्या काळापेक्षा जास्त वेळ टिकणाऱ्या झुंडींनी यायला हवेत. खराब रस्ता असाच येतो: थोडा वेळ वाईट पट्टा, मग बराच वेळ बरा.

म्हणून तुम्हाला प्रत्येक क्षणाची फेज नको आहे. जोर केव्हा वाढला आणि केव्हा उतरला, एवढी वेळेची बाह्यरेषा मिळाली तरी काम होईल.

सांधेजोड

हातोडीने ठोकून घेतलेल्या मोजणीत ८६ हर्ट्झ आणि डॅम्पिंग सुमारे २ टक्के आले होते.

घाटरस्ता

म्हणजे झंकार विझण्याचा कालांक सुमारे ०.०९ सेकंद. एक-दोन सेकंद टिकणारा वाईट पट्टा ब्रॅकेटपर्यंत पूर्णपणे पोहोचेल.

नवशिकी

एक सुचवू का? बोललेल्या आवाजाच्या स्पेक्ट्रोग्रामवरून (वेळेच्या लहान तुकड्यांच्या ओळीने मांडलेल्या वर्णपटांवरून) आवाज परत काढण्यासाठी ग्रिफिन आणि लिम यांची १९८४ सालची रीत वापरतात. तेथेही फक्त आयामच असतात. लहान लहान खिडक्या, म्हणजे वेळेचे तुकडे, एकमेकींवर चढलेल्या असल्यामुळे तोच नमुना अनेक खिडक्यांत मोजला जातो, आणि सर्व खिडक्यांशी एकाच वेळी सुसंगत ठरेल असा सिग्नल हळूहळू शोधता येतो. मोजणी करणाऱ्यांकडे सरासरी काढण्यापूर्वीचे वर्णपट असतील का?

अनाहत

नवशिकी, फार चांगला विचार. सरासरी आणि स्पेक्ट्रोग्राम यांतला फरक नेमका हाच आहे. खिडक्या पुरेशा चढलेल्या असतील, तीन चतुर्थांश वगैरे, तर सबंध सिग्नलचे चिन्ह सोडता सामान्यतः सिग्नल परत मिळण्याजोगा असतो, जरी ती रीत प्रत्येक वेळी खऱ्या उत्तरावरच थांबेल अशी हमी नसते. खिडक्या चढलेल्या नसतील तर फेज मिळणार नाही. पण घाटरस्ता म्हणतात ती बाह्यरेषा तरी नक्की मिळेल.

सांधेजोड

दहा दिवसांनी लिहितो आहे, विलंबाबद्दल क्षमस्व. नवशिकी यांच्या सूचनेवरून मी ग्राहकाला पुन्हा पत्र लिहिले आणि कच्ची नोंद न मागता ‘लॉगरने साठवलेले सेकंदवार वर्णपट’ असे नाव घेऊन मागणी केली. ती फाइल त्यांच्याकडे होती. तिच्यात दर सेकंदाला एक असे १२०० वर्णपट आहेत. खिडक्या एकमेकींवर चढलेल्या नाहीत, म्हणून फेज मिळणार नव्हती आणि मी तो प्रयत्नही केला नाही. प्रत्येक वर्णपटाखालचे क्षेत्रफळ काढले आणि १२०० आरएमएस मूल्यांचा एक स्तंभ तयार केला.

तो स्तंभ पाहून मी बराच वेळ खुर्चीवरून उठलो नाही. १२०० पैकी ६० सेकंदांत आरएमएस ४ जीच्या आसपास आहे. उरलेल्या ११४० सेकंदांत तो १.८ जीच्या आगेमागे आहे. पाच टक्के वेळेत एकूण ऊर्जेचा पाचवा हिस्सा. हे ६० सेकंद सुटे सुटे नाहीत, तीन-चारच्या गटांनी आले आहेत. सर्वांची सरासरी घेतली की पुन्हा तोच ०.०१ चा सपाट आलेख मिळतो, जो आमच्या भिंतीवर महिनाभर लावलेला होता.

दर सेकंदाला यादृच्छिक फेजचा नवा तुकडा घडवून त्याला त्या सेकंदाचा आरएमएस दिला. हिशेबाने कर्टोसिस ४.४ येतो, गाउसीय सिग्नलचा ३ असतो. २० मिनिटांतले सर्वांत मोठे शिखर १७.४ जी निघाले. अहवालातले १८ जी मी कोठेही भरले नव्हते, ते आपोआप जवळ आले, म्हणून या बाह्यरेषेवर माझा विश्वास बसला. घाटरस्ता, धातूच्या थकव्याचा हिशेबही केला. तणावाचा घातांक, म्हणजे हानी तणावाच्या कितव्या घाताने वाढते तो आकडा, ५ धरला तर जुन्या चाचणीपेक्षा हानी २.२ पट होते. ८ धरला तर १३ पट. पीएसडी दोन्हींचा एकच आहे.

काल दुपारी, चाचणीच्या एकोणिसाव्या तासाला, वेल्डच्या कडेला तडा दिसला. रंगीत द्रव फवारून, पुसून, वर पांढरी पूड मारली तेव्हा लाल रेघ उमटली, सुमारे ६ मिलिमीटर. जागा रस्त्यावरून परत आलेल्या तुकड्यांतलीच आहे, वाकाच्या आतल्या बाजूची.

घाटरस्ता

छान काम केलेत. शिखरमर्यादा आता किती ठेवली आहे?

सांधेजोड

छाटणी पूर्ण बंद केली आहे. टेबलाची ताकद तेवढी आहे हे आधी तपासून घेतले.

मृगशीर्ष

अभिनंदन. एक विचारतो: सेकंदाच्या आत काय घडते हे अजूनही अज्ञात आहे ना? खड्ड्याचा दणका सेकंदाच्या पहिल्या दशांशात असेल, तर तुमच्या तुकड्यात तो संपूर्ण सेकंदावर पसरला असेल.

सांधेजोड

होय, तेवढे अज्ञात राहिले आहे, आणि रस्त्यावर तडा लवकर जात असावा याचे ते एक कारण असू शकेल. ग्राहक नव्याने मोजणी करून देणार आहे. या वेळी करारात मी एक अट घालून घेतली आहे: सेकंदाला ५००० नमुन्यांची कच्ची नोंद, चारही वाहिन्यांची, कोणतीही सरासरी न काढता आमच्याकडे द्यावी. २० मिनिटांच्या चार वाहिन्या म्हणजे २ कोटी ४० लाख नमुने. प्रत्येकी ४ बाइट धरले तरी शंभर मेगाबाइटही भरत नाहीत.